नळाचं पहिलं पाणी

नगरपरिषदेच्या पाणी तपासणी खात्यात त्याला सगळे ‘पाचमिनिटे’ म्हणत. हे आडनाव नव्हे. नमुना घ्यायचा तर नळाचं तोंड ज्योतीनं शेकायचं, मग पाणी पाच मिनिटं वाहू द्यायचं आणि मगच बाटली भरायची, असं आमच्या नियमपुस्तिकेत लिहिलंय. बाकीचे जेमतेम मिनिटभर नळ सोडत आणि बाटली भरून चहाला पळत. हा मात्र घड्याळाकडे बघत खांबासारखा उभा. प्रयोगशाळेत त्या बाटल्या माझ्याकडे येत. एकोणीस वर्षं मी त्या तपासल्या आणि मनात म्हणत आले, या खात्यात एक तरी माणूस नाकासमोर चालणारा आहे. आता त्या कौतुकाचा मला राग येतो.

लग्न त्यानं केलं नाही. त्याचा जीव अडकला होता भाचीत. धाकटी बहीण परिषदेच्याच जुन्या वसाहतीत राहायची, तिचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा उगवणारा. त्यामुळे त्या चार वर्षांच्या पोरीचे सगळे लाड मामाकडे. तिनं नवा शब्द उच्चारला की दुसऱ्या दिवशी तो मला ऐकावाच लागे, मग माझ्यासमोर कामाचा ढीग असो नाहीतर डोंगर.

मग नवे शब्द येणं थांबलं. आलेलेही जाऊ लागले. पोर पोट धरून बसे, रंगांची नावं विसरे, कारण नसताना रडे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, होईल बरी. पण शेजारच्या दोन घरांतल्या मुलांचंही तेच चाललं होतं, आणि बहिणीला पाण्याची शंका आली. तिनं परिषदेत रीतसर अर्ज केला. नमुना घ्यायला अर्थातच हा गेला. तीनदा गेला, तिन्ही वेळा डोळ्यांत तेल घालून बाटली भरली आणि तिन्ही वेळा मी अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असं लिहिलं. तोवर बहीण चार गल्ल्या पलीकडच्या विहिरीवरून मुलीसाठी कळशी आणत होती. तेही यानंच बंद करायला लावलं.

“अगं, माझ्या हातानं नमुना घेतलाय. उगाच कशाला वणवण करतेस?”

तिनं ऐकलं. सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

त्यानंतर चार महिन्यांनी तो सुटी काढून तिच्याकडे राहिला होता. सकाळी घरात सगळ्यांत आधी भाची उठली, स्टुलावर चढली, नळ सोडला आणि पेला भरून गटागटा प्यायली. हा चादरीतून बघत होता. त्याच्या लक्षात आलं, की या घरात पाच मिनिटं नळ कोणीच सोडत नाही. कुठल्याच घरात सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं उजाडताच ते पहिलं पाणी बाटलीत धरलं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं.

“बाई, हे तपासा. वाहू दिलेलं नाही.”

शिसं निघालं, मर्यादेच्या अकरा पट. मी पुन्हा तपासलं. आकडा तोच. त्या वसाहतीतले घरापर्यंतचे पाइप शिशाचे. रात्रभर साचलेल्या पाण्यात शिसं उतरायचं आणि आम्ही नमुन्याआधी ते सगळं पाणी नियमानं गटारात सोडून द्यायचो. तो नियम मुळात जंतूंसाठी होता. शिशाची तपासणीही त्याच बाटलीत उरकायची, असं कोणी कधी ठरवलं देव जाणे. मीही कधी विचारलं नाही. इतर नमुनेवाल्यांसारखा तो कामचुकार असता, तर कदाचित एखाद्या बाटलीत ते सापडलं असतं. हे मी त्याला बोलले नाही. त्याला ते कळलेलंच होतं.

मुलीचं रक्त तपासलं. डॉक्टर आता वेगळ्या सुरात बोलले. पुढचं नुकसान थांबवता येईल, झालेलं भरून येईल असं सांगता येत नाही.

मुख्य अभियंत्यांनी बाटलीला हातही लावला नाही. “हा नमुना नियमात बसत नाही. ओतून टाका, आणि बाहेर बोलू नका.”

वसाहतीच्या लोकांनी सुनावणी मागितली, तेव्हा साहेबांनी उभं राहून तेच तीन स्वच्छ अहवाल खणखणीत आवाजात वाचले. खाली माझी सही. मी मूग गिळून बसले होते, हे इथे कबूल करते. पाचमिनिटे उठला. पाइप, पहिलं पाणी, अकरा पट, सगळं त्यानं सांगून टाकलं.

मग त्याची बहीण उभी राहिली. मुलगी तिच्या कडेवर होती, पाच वर्षांची असून.

“दादा, मी विहिरीचं पाणी आणत होते. ते कोणी बंद करायला सांगितलं?”

“मी.”

“नळाचंच पाज म्हणून कोणी सांगितलं?”

“मी सांगितलं.”

इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनानं मान वर केली. “हे परिषदेचं उत्तर म्हणून लिहू का?”

“छे, छे!” साहेब घाईनं म्हणाले. “परिषदेचा याच्याशी काही संबंध नाही.”

कारकून पेन धरून थांबला. “मग कोणाचं म्हणून लिहू?”

“मुलीच्या मामाचं,” पाचमिनिटे म्हणाला.