उरलेला दोरा

सीमंतिनीबाईंचा कुणावर म्हणून विश्वास बसत नसे. इंदरगंजच्या भाजीवाल्याने मटार काट्यावर ठेवले की त्या आधी पारड्याखाली वाकून बघत, कारण तिथे चुंबक चिकटवलेला असतो अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांचे यजमान नाना फिरून आले की त्या नानांच्या शर्टाचा वास घेत. संशय कुण्या बाईचा नव्हता, कचोरीचा होता, आणि तो बहुतेक वेळा खरा निघे. नानांनी त्याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडून दिलं होतं.

अशा या बाईंच्या पोटात नारळाएवढी गाठ निघाली. पोट उघडूनच काढावी लागेल असं ठरलं. जयेंद्रगंजातले शेजारीपाजारी धीर द्यायला आले, पण बाईंना गाठीची भीती नव्हतीच. त्यांना भीती होती ती टाक्यांची.

त्यांची थोरली बहीण कुसुमताई खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात राहते. तिचंही पोट मागे असंच उघडलं होतं. वरची जखम छान भरली, पण आतली शिवण सुटली आणि पोटाला हा एवढा फुगवटा आला. तेव्हापासून ती पट्टा बांधून वावरते. कळशी उचलत नाही, नातवाला कडेवर घेत नाही, दुसऱ्यांदा पोट उघडायला घाबरते, आणि लग्नाकार्यात भिंतीशी खुर्ची ओढून बसून राहते. त्या वेळी मोठे डॉक्टर गाठ काढून चालते झाले आणि शिवायला मागे एखादी शिकाऊ पोरगी ठेवली, असं सीमंतिनीबाईंचं ठाम मत होतं. पुरावा विचाराल तर काहीही नव्हता.

म्हणून सर्जनसमोर बसताच त्यांनी पहिला प्रश्न टाकला. "शिवणार कोण?"

डॉक्टर समरजीत हे जुन्या लष्करी मराठा घराण्यातले, स्वभावाने मोकळे. ते म्हणाले, "काकू, आमची टीम असते."

"टीम नको. तुम्ही." आणि त्यांनी डॉक्टरांच्या बाजूला उभ्या असलेल्या अंतराकडे, त्यांच्या तरुण मदतनीस डॉक्टरणीकडे, मटारवाल्याकडे बघावं तसं बघितलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पोटाला खरं धरून ठेवतो तो आतला एक पांढरा, चिवट पडदा. कातडीचे टाके दिसण्यापुरते. त्या पडद्याला काठाकाठाने एकाच लांब दोऱ्याने बारीक टाके घालत जायचे. टाके मोठे आणि लांब लांब पडले तर ते स्नायूलाही आवळतात आणि मग सैल होतात. बारीक घातले, तर जखमेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा आत जातो.

"ते सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण तुम्हीच शिवाल, अशी शपथ घ्या. दसऱ्याला तुमच्या घरी जी तलवार पूजतात, तिची."

डॉक्टर आधी हसले. पण तलवारीचं नाव निघाल्यावर त्यांना हसणं पुढे रेटता येईना. त्यांनी शपथ घेतली. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई देऊन बाईंचं छातीखालचं अंग बधिर केलं. कान मात्र शाबूत, आणि बाईंना तेवढंच हवं होतं. हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टर शहरात भरलेल्या मेळ्यातल्या गर्दीबद्दल काहीबाही बोलत होते. गाठ निघाल्याचंही त्यांनीच सांगितलं. त्यानंतर त्यांचा आवाज एकदम बंद झाला.

गेले, बाईंच्या मनाने घेतलं. तलवारीची शपथ मोडून चहाला गेले.

बराच वेळ फक्त चिमट्यांची किणकिण ऐकू आली. मग अंतराचा आवाज आला, अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत. "धागा फार उरलाय. चौगुना नहीं हुआ. हे सगळं उसवावं लागेल."

तोंडावरच्या फडक्याआडून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. ते बाईंना कळलं नाही, पण उसवणं कळलं. पोरीने बिघडवलं होतं. त्यांना भिंतीशी बसलेली कुसुमताई दिसली, तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची दिसली, आणि त्या तिथेच मुकाट रडल्या.

पुढचे दिवस त्यांनी अंतराला पट्टीला हात लावू दिला नाही. "जिने बिघडवलं तिने लांब राहायचं," असं त्या सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. अंतरा ट्रे नर्सकडे देऊन पुढच्या खाटेकडे वळायची.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा बाईंनी तोफ डागली. "तलवारीची शपथ मोडलीत तुम्ही. त्या पोरीला शिवायला ठेवून गेलात. मी कानांनी ऐकलंय."

डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "काकू, शिवत मी होतो. तुम्ही शपथ घातली होती ना, म्हणून गप्पा बंद करून शिवत होतो. तरी हात थकला होता. टाके जरा मोठे पडत गेले. अंतराने उरलेला दोरा मोजला. फार उरला होता, म्हणजे आत कमी गेला होता. मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, नाही चालणार. मग सगळं उसवून मीच पुन्हा शिवलं. या वेळी दोरा पुरेसा लागला."

नाना खिडकीबाहेर बघू लागले. सीमंतिनीबाई अंतराकडे वळल्या.

"तुला मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. प्रत्येक वेळी मोजते मी," अंतरा म्हणाली. "सरांचे टाके बघून मला शक आला, काकू. शक आला की मला राहवत नाही."

बाईंना आधी लाज वाटली आणि मग एकदम हलकं वाटलं. जन्मभर सगळ्या जगावर नजर ठेवून त्या थकल्या होत्या. आज पहिल्यांदाच, त्या आडव्या पडलेल्या असताना, त्यांच्या वाटचा संशय दुसऱ्या कुणीतरी घेतला होता. त्यांनी स्वतःच पोटावरची चादर बाजूला केली आणि अंतराला जवळ बोलावलं.

अंतराने पट्टी बदलली. मग त्यांनी तिचं मनगट धरलं.

"माझ्या ताईला घेऊन येते. तिचंही पोट दुरुस्त करायचंय. मी सांगितलं तर ती तयार होईल." आणि डॉक्टरांकडे न बघता पुढे म्हणाल्या, "शिवू दे कुणालाही. उरलेला दोरा तू मोज."