अक्कांचं थाई कालवण

मी शेवटचं भेटले तेव्हा अक्का दवाखान्यातल्या खिचडीची चौकशी करत होत्या. कॉटवर बसून, सलाईनचा हात उशीवर ठेवून, डबा घेऊन आलेल्या तिथल्या मावशींना विचारत होत्या, “ह्यात मूग भाजून घेतलाय का तसाच?” मावशी म्हणाल्या, “आजी, गप खावा की.” अक्का माझ्याकडं वळल्या. “बघ, सांगत न्हाय ती. भाजल्यालाच हाय.” त्यानंतर चार दिवसांनी, सकाळीच पुतण्याचा फोन आला. मी इंदापुरात, आमच्या आताच्या घराच्या पायरीवर मेथी निवडत बसले होते. “काकी, आई गेली,” एवढंच तो बोलला. फोन ठेवल्यावर मी पुन्हा मेथी निवडायला लागले आणि अख्खी जुडी संपवली. सांगायला लाज वाटते, पण मनात पहिलं काय आलं असेल तर ते हे, की मूग भाजलेला होता की नव्हता, हे अक्कांना शेवटी कळलं का...

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. लग्न होऊन मी बारामतीच्या घरात आले तेव्हा त्या तालुक्यातल्या एका शाळेत बाई होत्या आणि आमचे दादा, म्हणजे त्यांचे यजमान, माळेगावच्या साखर कारखान्यात फिटर. माझे यजमान एमआयडीसीत. सकाळी तिघंही बाहेर पडले की मी आणि घर. संध्याकाळी अक्का आल्या की पिशवी खुंटीला लावायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावायच्या आणि पातेल्याचं झाकण उचलून वास घ्यायच्या. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. वाटायचं, ही चुका काढायची तयारी. पुढं कळलं की त्यांना खरंच माहिती हवी असायची. बाजारात भाजी घेतानासुद्धा त्या पाठीमागच्या बाईला विचारायच्या, “तुमी ह्याचं काय करता?” ती बाई सांगायला लागली की मी पिशव्या धरून अर्धा तास उन्हात.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. आमचं घर बौद्ध. अक्का नोकरीला लागल्या तेव्हा मधल्या सुट्टीत सगळ्या बाया डबे एकत्र करायच्या. अक्कांनी काही विशेष करून नेलं की एका बाईंचा नेमका उपास असायचा. “आठवड्याचं सात उपास करायची बया,” अक्का हसून सांगायच्या. पण त्यांना जास्त लागायचं ते दुसऱ्या बाईंचं. त्या पहिला घास तोंडात जायच्या आत म्हणायच्या, “अगंबाई, किती छान! किती चविष्ट!” चारजणींना ऐकू जाईल असं. अक्का म्हणाल्या, “सुनंदा, एकदा मी मुद्दाम करपवलेली भाजी न्हेली. तरीबी छान! तवा कळलं, ही भाजी खातच न्हाय. माझ्या हातचं खातीया, असं दाखवतीया.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आपल्या हातच्या खाण्याला कुणीतरी मोकळेपणानं नावं ठिवावी गं... एवढं तरी.” आम्ही घरचे नावं ठेवायचो की, पण घरच्यांचं त्या धरत नसत. त्यांना बाहेरचं माणूस हवं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या महिला मंडळाबरोबर बोधगयेला जाऊन आल्या. तिथं थाई लोकांच्या विहारात दुपारचं जेवण मिळालं. भातावर पांढरट हिरवं कालवण. परत येताना रेल्वेत दोन दिवस त्या एकच विचार करत होत्या, की ह्यातला तो वास कशाचा? मनमाडच्या पुढं चहावाला आला, आणि अक्का डब्यात ओरडल्या, “गवती चहा! कालवणात गवती चहा घातला होता त्यांनी!” बरोबरच्या बायकांना वाटलं, हिला ऊन लागलं. घरी आल्या आल्या त्यांनी नळाजवळच्या गवती चहाच्या झुडपाकडं अशी नजर टाकली, जसं काही त्यानं इतकी वर्षं त्यांच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं.

आणि पुढच्याच पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, एक थाई भिक्खू, भन्ते, आले. पुण्यात पाली शिकत होते, तिशीच्या आतबाहेरचे, अंगानं काटकुळे. तीन महिने मुक्काम. रोज एका घरचं भोजनदान, आणि आमची पाळी सोमवारी. अक्कांनी पाळीच्या दिवशी चक्क रजा टाकायला सुरुवात केली. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. परमुलखातून आलेलं माणूस, त्याला त्याच्या आईच्या हातचं कालवण करून घालायचं.

पहिल्या सोमवारी काय झालं ते सांगते. आमच्या देशावर कालवण म्हणजे भाजलेलं खोबरं, शेंगदाण्याचा कूट. ओल्या नारळाचं दूध काढणं आम्हाला ठाऊकच नव्हतं. तीन नारळ मी खवले. बोटांची सालं निघाली. अक्का पाट्यावर मिरच्या, कोथिंबीर, लसूण आणि गवती चहा वाटत होत्या. गवती चहा काही वाटला जाईना, दोऱ्याच निघायच्या. मग कापडातून पिळणं, पुन्हा वाटणं... कालवण झालं, घमघमाट सुटला, भन्तेंच्या पुढं ताट ठेवलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वाबारा झाले होते. दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं की! पण त्या नारळाच्या नादात दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. भन्तेंनी हात जोडले, पाणी घेतलं, आम्हाला आशीर्वाद दिला आणि उपाशी विहारात गेले. अक्का चुलीपुढं बसून रडल्या. मग उठल्या आणि घरातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढं केली. पुढची तीन वर्षं आमच्या घरात खरी वेळ कुणालाच माहीत नव्हती. माझे यजमान कामावर रोज लवकर पोचायचे आणि गेटवरचे लोक त्यांना हसायचे.

दुसऱ्या सोमवारपासून कालवण वेळेत व्हायला लागलं. भन्ते जेवायचे. सगळं जेवायचे, शांतपणे, एकाच चालीत. पण आवडलं की नाही ते कळायचं नाही. आम्हाला सांगण्यात आलं होतं की भिक्खूनं अमुक द्या म्हणायचं नसतं, आणि मिळालेल्या अन्नाला बरंवाईटही म्हणायचं नसतं. आजारी असला तर गोष्ट वेगळी. झालं! ज्या बाईला आयुष्यभर एक खरा अभिप्राय हवा होता, तिच्या दारी माणूस आला तो असा. उपास सांगून टाळणारा नव्हता आणि खोटं कौतुक करणाराही नव्हता. सुरुवातीला अक्कांना त्याचं बरंच वाटलं. महिन्याभरात मात्र त्या बेचैन झाल्या. “हे खातात ते नियम म्हणून, का आवडतंय म्हणून? मला एवढंच कळू दे.” एकदा तर म्हणाल्या, “जरा कणकण तरी येऊ दे ह्यास्नी. आजारी माणसाला मागता येतं.” मी म्हटलं, “अक्का, भन्तेंचं वाईट चिंतताय!” त्या म्हणाल्या, “साधी कणकण गं... मी काढा दीन की.”

मग त्यांनी आडून विचारायला सुरुवात केली. तुमच्या आईच्या परसात काय काय लावलेलं असतं? भन्तेंना तोवर विहारातल्या पोरांनी मराठी शिकवलेलं होतं, तेही आमच्या वस्तीतलं. ते सांगायचे, “मिरची हाय. गवती चहा हाय. एक हाय, आल्यासारखं, आलं न्हाय.” त्यावर अक्का काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन सतरा मुळ्या हुंगून आल्या आणि घसा बसल्यावर चघळतात ते कुळिंजन घेऊन आल्या. लिंबाची पानं घालून पाहिली. सब्जाचं रोप आणून लावलं. सुकट भाजून, कुटून घातली, त्या दिवशी शेजारणीनं विचारलं, “काय मेलंय का गं तुमच्याकडं?” माझं माहेर इंदापूरचं. माझा भाऊ उजनीच्या पाण्यातली चिलापी मासळी घेऊन यायचा, ती घालून केलं. दर सोमवारी थोडं वेगळं, आणि दर सोमवारी नारळ. भन्ते उठले की अक्का त्यांच्या ताटात बघायच्या. काही राहिलंय का, काय राहिलंय. ताट स्वच्छ असायचं. मी एकदा चिडून म्हणाले, “अक्का, उद्या नुसतं पाणी उकळून वाढा, तेही संपवतील.” त्या ताट उचलून मोरीकडं गेल्या. मला ते उगाच बोलले असं झालं, कारण त्यांनाही नेमकी तीच भीती होती. भन्ते दर वर्षी यायचे, तीन पावसाळे असे गेले. मग भन्तेंचं शिक्षण संपलं आणि ते त्यांच्या देशी गेले. जाताना त्यांनी सगळ्यांना आशीर्वाद दिला. कालवणाबद्दल अर्थातच एक शब्द नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, एका रविवारी दुपारी चार वाजता, दारात एक माणूस उभा. पँट, चौकड्याचा शर्ट, डोक्यावर दाट केस. म्हणाला, “अक्का हायत का?” मी ओळखलं नाही. अक्का बाहेर आल्या, क्षणभर पाहिलं, आणि सवयीनं हात जोडून “वंदामि भन्ते” म्हणता म्हणता मध्येच थांबल्या. त्यानं चीवर सोडलं होतं. त्यांच्याकडं पुष्कळ मुलं काही वर्षं भिक्खू होतात आणि मग घरी परततात, त्यात कमीपणा काही नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. आता तो कुठल्याशा कंपनीत होता, पुण्याला कामासाठी आला होता. नाव सोमचाय. अक्का त्याच्या शर्टाच्या चौकड्यांकडं बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसतच होतं. मी चहा घेऊन आले, आणि एकदम त्यांचा चेहराच बदलला. “म्हंजी आता तू चार वाजता जेवू शकतोस!” तुमीवरून तूवर त्या केव्हा आल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. “आन् बोलूबी शकतोस!”

मला पिटाळलं नारळाला. तासाभरात कालवण तयार. दादांना त्या रविवारीही ड्यूटी होती, नुकतेच कारखान्यातून आले होते, तेही येऊन बसले. सोमचाय जेवायला लागला. अक्का समोर बसल्या, पदर हातात घट्ट धरून. चार घास झाल्यावर म्हणाल्या, “आता खरं सांग. तुझ्या आईसारखं हाय का न्हाय?” तो थांबला. माझ्याकडं पाहिलं, दादांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा पण म्हणणार, छान आहे... आणि अक्कांच्या डोळ्यातलं काहीतरी कायमचं विझणार.

तो म्हणाला, “अक्का, आमच्या गावाकडं नारळ न्हाय.”

त्याचा गाव समुद्रापासून फार लांब, पार ईशान्येला. आमच्यासारखाच कोरडा मुलूख. नारळाचं कालवण तिकडं दक्षिणेत, बँकॉककडं. त्याची आई करायची ते पातळ, आंबूस, तांदूळ भाजून त्याची भरड लावलेलं, आणि त्यात भरपूर... काय म्हणतात त्याला, म्हणून तो उठून भाजीच्या टोपलीपाशी गेला आणि शेपूची जुडी उचलून आणली. शेपू! आमच्याकडं आठवड्याला एकदा व्हायचाच. पण भन्तेंच्या पाळीला आम्ही तो चुकूनही केला नव्हता, कारण पाहुण्याला शेपू वाढणं आमच्यात बरं दिसत नाही. बारामतीच्या मळ्यांमध्ये ढीगभर पिकणारी भाजी, आणि आम्ही तीन वर्षं नारळ खवत बसलो.

“पैल्या दिवसापास्नं चूक व्हतं?” अक्कांनी विचारलं.

“व्हय.” मग त्यानं आणखी एक घास घेतला, विचार केला. “आन् आज मीठबी जास्त हाय.”

मी अक्कांकडं पाहायचं टाळलं. मग त्यांचं हसू ऐकू आलं. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या. “अहो, आयकलं का? मीठ जास्त हाय म्हणतोय!” दादांना दोनदा सांगितलं, जसा काही पोराचा निकालच लागला होता. मग स्वतः बोट बुडवून चाखलं. “हाय की खारट. सुनंदा, खारट हाय!” सोमचायनं ताट पुढं केलं. अक्का म्हणाल्या, “आरं, खारट हाय ना?” तो म्हणाला, “हाय. पण वाढा.”

इतक्या वर्षांत त्यानं मागून घेतलेला तो पहिला डाव. अक्कांनी तो काठोकाठ भरून वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आमच्या स्टोव्हवर त्याच्या आईचं कालवण करून दाखवलं. शेपू, गवती चहा, चिलापी. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही, आणि मी तसं त्याच्या तोंडावर सांगितलं. अक्का माझ्यावर इतक्या खूश झालेल्या मी तरी दुसऱ्यांदा पाहिल्या नाहीत.

त्या दिवसापासून अक्कांनी “कसं झालंय?” हा प्रश्न विचारणं सोडलं. वाढून झालं की त्या ताटापुढं बसायच्या आणि विचारायच्या, “हं, काय चुकलंय?” पाहुणे गोंधळायचे. नव्या सुना घाबरायच्या. पण उत्तर मिळाल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत, आणि उत्तर कितीही वाकडं असलं तरी त्यांचा चेहरा फुलायचा. शाळेतल्या त्या दोघी बायांना त्यांनी कधी असं विचारलं का, ते मला माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं.

अक्का गेल्याचं सोमचायला फोन करून कळवलं. त्यानं त्याच्या त्या आमच्या वस्तीतल्या मराठीत विचारलं, “शेवटी जेवली व्हती का?” मी म्हटलं, “जेवल्या. आन् नावंबी ठिवली.” तो हसला का रडला, ते फोनवर समजलं नाही.

परवा अक्कांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारातले भन्ते जेवून गेले, पाहुणे पांगले, आणि दुपारी उशिरा घरचे तेवढे जेवायला बसलो. दादांना नीट ऐकू येत नाही आता, त्यांना मध्ये बसवलं. कुणाचंच लक्ष जेवणात नव्हतं. माना खाली घालून सगळे नुसते भात कालवत होते. तेवढ्यात अक्कांची सून पातेलं आणि डाव घेऊन आली, सगळ्यांना वाढलं, आणि पदरानं हात पुसत आमच्यापुढं मांडी घालून बसली. क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, “हं, काय चुकलंय?”

आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.