भाऊसाहेबांचा अर्ज आज निघाला

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांच्या प्रिंट एकाच मशीनवर जातात. सांगितलेल्या मापाचा कागद ट्रेमध्ये नसला, तर मशीन तेवढं काम अडवून ठेवतं आणि मागून आलेल्यांची ए-फोर पानं काढत राहतं.

आमचे हेडक्लार्क कदम भाऊसाहेब. अर्ज म्हटला की लांब लीगल कागदच, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आणि टाइप केलेल्या अर्जाशिवाय रजा नाही, हा प्राचार्यांचा नियम. गेल्या महिन्यात भाऊसाहेब मला दोनदा म्हणाले, "म्याडम, माझी प्रिंट काय येईना. बघता का जरा?"

मी मान वर न करताच म्हटलं, "बघते हं, भाऊसाहेब."

बघितलं नाही. मशीनच्या स्क्रीनवर 'लीगल कागद भरा' असं रोज दिसायचं. आम्ही सगळे ते वाचायचो आणि आपापली पानं उचलून जायचो.

परवा भाऊसाहेबांचा दहावा झाला. हार्ट अटॅक.

आज एका कामासाठी मी ट्रेमध्ये लीगल कागद भरले. पहिलंच पान त्यांचं आलं. 'छातीत दुखत असल्याने अहिल्यानगर येथे तपासणीसाठी जायचे आहे. तरी दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.'

प्राचार्यांनी वाचलं. मग म्हणाले, "आवक रजिस्टरला नोंद करा."

केली. नाव लिहिलं, विषय लिहिला. शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.

तिथे काय लिहू, तुम्हीच सांगा.