ओट्याच्या उंचीचं टेबल

गुडघ्यांनी जवाब दिला आणि माझं लाकूडकाम बंद पडायची वेळ आली. जमिनीवर बसायचं, फळी पायांनी दाबून धरायची आणि रंधा मारायचा, एवढंच मला येत होतं. गल्लीत दारं बसवायला मिस्त्री आले होते, त्यांना बघून शिकले. दोन पाट केले, एक वाकडा चौरंग केला. मग डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं नाही.

हे म्हणाले, "मग राहू दे ना. आमच्या ऑफिसातले एक भिया आहेत, भावासारखे, ते तुझी हत्यारं मागत होते. रविवारी बोलावतो त्यांना. घरात पडून गंज चढणार नुसता."

मला पटकन बोलता येत नाही. पण जीव थाऱ्यावर राहिला नाही. भंवरकुआं भागातल्या कोचिंगवाल्या मुलींना मी जेवणाचे डबे देते, ते भरताना एकीला दोनदा भाजी घातली आणि एकीचा डबा तसाच बंद केला. रविवारच्या आत उभ्यानं काम करायचं टेबल झालं, तरच हत्यारं घरात राहतील, एवढंच डोक्यात फिरत होतं.

लाकूड होतं. जुन्या दिवाणाची सागवानी चौकट मागच्या व्हरांड्यात पडून होती. त्यातून चार जाड पाय काढले, आडव्या दांड्या खाचेत ठोकून बसवल्या, वर दोन फळ्या टाकल्या. उंची किती ठेवायची ते मोबाइलवरचा माणूस इंग्रजीत सांगत होता. माझी शाळा चौथीपर्यंत, त्याचं काही कळलं नाही. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा मोजला. माझं उभ्यानं करायचं सगळं काम त्या ओट्यापाशीच झालेलं. दुसरी कुठली उंची मला सुचणार?

शुक्रवारी टेबल उभं राहिलं. ह्यांनी कोपरा धरून हलवलं. ते डुललं.

"अगं, हा तर झुला झाला! श्रावणापर्यंत ठेव, बसू दोघं."

मीही हसले. ते आत गेल्यावर मी टेबलाभोवती फिरत राहिले. पाय घट्ट होते, दांड्याही घट्ट होत्या, तरी सगळं एका बाजूला कलायचं. शेवटी मागच्या बाजूला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक तिरपी पट्टी स्क्रूनं पक्की केली. डुलणं थांबलं.

तरी रंधा चालेना. खांदे वर कानांपर्यंत जायचे, रंधा फळीवरून नुसता घसरायचा. पात्याला परत धार लावली. पातं थोडं बाहेर काढलं, थोडं आत घेतलं. शनिवारची दुपार अशीच गेली. आत जायचे, पाणी प्यायचे, परत बाहेर येऊन तीच फळी घासायचे. खांदे भरून आले, पण लाकडाचं सालपट काही निघालं नाही.

संध्याकाळी डब्यांची कणीक मळायला घेतली. गुडघे दुखायला लागल्यापासून मी परात बुटक्या लोखंडी स्टुलावर ठेवते. एवढी कणीक ओट्यावर मळता येत नाही. अंगाचा भार पडत नाही, नुसते हात दुखतात. मुठी कणकेत रुतल्या होत्या, तशीच थांबले. भाजी चिरायची उंची मी रंध्याला दिली होती. रंध्याला तर मळण्यासारखा जोर लागतो.

कणकेच्या हातांनीच टेबलापाशी गेले. हात सरळ खाली सोडले. मनगट टेबलाच्या बरंच खाली होतं.

रविवारी डबे गेल्यावर टेबल आडवं पाडलं आणि टेबल मनगटाच्या उंचीवर येईल अशा पायांवर खुणा केल्या. करवत हातात घेऊन किती तरी वेळ उभी होते. एक पाय जरी जास्त कापला गेला तर दुसरं लाकूड नव्हतं, आणि भिया तर येणारच होते. पहिला पाय कापताना करवत दोनदा खुणेबाहेर गेली. तुकडे खाली पडल्यावर टेबल उभं केलं, फळी लावली, आणि अंगाचा भार देऊन रंधा पुढे ढकलला. लांब, पातळ सालपट गोल गोल होत वर आलं. लगेच दुसरं. मला थांबावंसंच वाटेना.

तेवढ्यात फटफटी वाजली. एरवी मी पाहुण्यांना पाणी देऊन आत जाते. त्या दिवशी उशीर झाला, भिया थेट व्हरांड्यातच आले.

"अरे वा भाभीजी, रंधा तो बढ़िया चल रिया है!" त्यांनी दोन्ही हातांनी टेबल रेटून पाहिलं. "हिलता नी है भिया ये तो!"

हे खूश होऊन म्हणाले, "मग! घरीच बनवलंय. अगं, ती हत्यारांची पिशवी आण ना."

"नाही द्यायची," मी म्हणाले.

"क्या बोलीं भाभीजी?"

"हत्यारं द्यायची नाहीत."

माझा आवाज जरा मोठाच झाला. कुठं बघावं ते मला कळेना, म्हणून चहा टाकायला आत गेले. रंधा हातातच होता. चहा उकळेपर्यंत तो मी खाली ठेवला नाही.