साडूची गाडी आणि माझं न्यूट्रल

साडूने नवी गाडी घेतल्याची बातमी बायकोने मला जेवताना सांगितली, आणि मी लगेच भाजी खारट झाल्याचं जाहीर केलं. भाजी खारट नव्हती.

गाडी साधी असती तर मी पचवली असती. पण ही परदेशातून आलेली हायब्रिड, एकाच पोटात पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. दोन हजारचं दशक संपत आलं होतं, आणि नाशकात तशी गाडी निदान मी तरी पाहिली नव्हती. साडूचं गंगापूर रोडला फरश्यांचं दुकान. फरशी विकणाऱ्याला हायब्रिड कशाला लागते? यंत्रातलं कळायचं ते मला. मी अंबडच्या एका कारखान्यात मशीनशॉपचा सुपरवायझर होतो. आमच्याकडे गाड्यांना लागणारे वीतभर लांबीचे शाफ्ट बनत, पण सासरी मी अशा थाटात वावरायचो की उरलेली गाडीही जणू मीच घरी बसून जोडतो.

हा थाट खपत होता तो सासऱ्यांमुळे. सासरे चांदवडचे, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. थोडी शेती, एक विहीर आणि विहिरीवर मोटर. नव्वदच्या दशकात माझं लग्न झालं तेव्हापासून मोटर बिघडली की फोन मलाच यायचा. "जावईबापू, मोटर नुसती गुणगुणती, फिरत नाय." रविवारी मी स्कूटरवरून जायचो, बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असायचा, तो बदलून मी डॉक्टरसारखे हात धुवायचो. मग शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सासरे म्हणायचे, थोरले जावई मशिनरीतले हायेत. धाकट्या जावयाकडे म्हणजे साडूकडे बंगला होता, दुकान होतं, डोक्यावर केस होते. माझ्याकडे हे एवढं एक वाक्य होतं.

आता माझ्या न्यूट्रलविषयी. उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि चावी फिरवून इंजिन बंद करायचं, हा माझा नव्वदच्या दशकापासूनचा धर्म. स्कूटरवर मागे बसलेल्या बायकोला मी वाऱ्याचा आवाज ऐकवायचो आणि म्हणायचो, हे बघ, फुकटात चाललोय. पुढे जुनी मारुती घेतली. तिच्यात हाच प्रयोग करताना ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि मी एका उसाच्या रसवंतीच्या बाकड्यांमध्ये जाऊन थांबलो. सगळ्यांना सांगितलं की रस प्यायचा होता. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा जोर जातो, हे शाफ्ट बनवणाऱ्या माणसाला तिथे बाकड्यावर कळलं. तेव्हापासून चावी सोडली, न्यूट्रल मात्र सोडलं नाही.

साडूने गाडीची महती सांगताना नेमकं वर्मावर बोट ठेवलं. उतारावर पायही उचलावा लागत नाही दादा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की बस, इंजिन आपलं आपण बंद होतं. पंधरा वर्षं मी जे हाताने करत होतो ते याची गाडी आपण होऊन करत होती.

नात्यातला एक साखरपुडा कल्याणला होता. साडूने आग्रह केला, सगळे माझ्याच गाडीतून जाऊ. तो चालवायला, शेजारी सासरे, मागे मी, बायको आणि मेव्हणी. सकाळी गंगापूर रोडवरून निघालो. एका उतारावर त्याने पाय उचलला तरी इंजिन चालूच. मी कान टवकारले. बंद होत नाही वाटतं, असं अगदी काळजीच्या सुरात विचारलं. तो म्हणाला, गार आहे अजून दादा, तापेपर्यंत चालतं. मी मनात नोंद केली, पहिली खोट.

इगतपुरीपर्यंत गाडीने माझी निराशा केली. पाय उचलला की इंजिन गप्प. सासरे समोरच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा मोजत होते, आणि मला काहीच विचारत नव्हते.

मग कसाऱ्याचा घाट लागला. निम्मा उतार शांततेत गेला, रेघा भरत भरत वरपर्यंत पोचल्या, आणि अचानक इंजिन सुरू झालं. नुसतं सुरू नाही, चढावर गुरगुरावं तसं गुरगुरू लागलं, आणि तेही पाय वर असताना. साडू गोंधळला. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकलो.

"पेट्रोल पितेय," मी म्हणालो. "असं कर, न्यूट्रलला टाक. मशीनला मोकळं सोडावं लागतं."

त्याने टाकली. विश्वास होता बिचाऱ्याचा. गुरगुर खाली आली, आणि मी बायकोकडे बघून भुवई उडवली. भुवई खाली यायच्या आत पुढचा कांद्याचा ट्रक मोठा दिसू लागला. साडूने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. वळण आलं, आणखी एक आलं. काहीतरी करपल्याचा वास गाडीभर पसरला. मेव्हणीने माझाच दंड धरला होता, का ते माहीत नाही.

सासरे हळूच म्हणाले, "गिअरात घ्या."

साडूने घेतली. इंजिन पुन्हा गुरगुरलं, आणि कुणीतरी मागून शेपटी धरावी तशी गाडी आवरली.

खाली कसाऱ्याला बाजूला उभी केली तेव्हा पुढच्या चाकांतून धूर येत होता. सासरे चाकाशेजारी उकिडवे बसले आणि वाटभर पडद्यावर जे पाहत आले होते ते मला, म्हणजे मशिनरीतल्या माणसाला, समजावू लागले. उतारावर या गाडीची मोटर उलटी चालते, बॅटरी भरते, त्यातच गाडीला लगाम बसतो. बॅटरी भरली की ती वीज ठेवायची कुठं? मग ती इंजिनाला फिरवते. पेट्रोल न पाजता, नुसती मेहनत करायला. पडद्यावर पेट्रोलचा आकडा शून्य होता, तुम्ही पाहिला नाय का?

मी पाहिला नव्हता. मी साडूचा चेहरा पाहत होतो.

"इंजिन चालत नव्हतं, अडवत होतं," ते म्हणाले. "ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे आम्हाला डेपोत पहिल्या दिवशी शिकवत."

पण खरा घाव साखरपुड्यात बसला. धुराची गोष्ट निघाली तेव्हा साडू हसत म्हणाला, माझीच चूक, मीच न्यूट्रलला टाकली. माझं नाव नाही. माणसाने एवढं चांगलं असू नये. बंगला मी सहन केला होता, केस सहन केले होते.

त्यानंतर सासऱ्यांचा फोन येईना. बायकोकडून कळलं की विहिरीवरची मोटर पुन्हा बिघडली होती, आणि साडू नाशिकहून वायंडिंगवाला घेऊन स्वतः जाऊन आला. मोटर त्याने स्वतः नाही, जाणत्या माणसाकडून दुरुस्त करून घेतली. हे मला का सुचलं नव्हतं, हा प्रश्न मी दोन रात्री टाळला आणि रविवारी न बोलावता चांदवडला गेलो.

सासरे ओट्यावर शेंगा सोलत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, मामा, त्या दिवशी न्यूट्रल मी सांगितलं होतं.

"मी पुढंच बसलो होतो की," ते म्हणाले. "बहिरा नाय अजून. आणि धाकटे जावई दुकानदार माणूस, त्यांना न्यूट्रल कुठं असतं हे तरी ठावं होतं का?"

शेंगा बाजूला ठेवून ते मला विहिरीवर घेऊन गेले आणि मोटर सुरू केली. इतकी मऊ ती माझ्या हाताखाली कधीच चालली नव्हती. "ऐका बरं," ते म्हणाले. "नीट हाय ना?"

मी वाकलो, कान लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"बेअरिंग किंचित वाजतंय," मी म्हणालो.

तीस वर्षं इंजिनांच्या आवाजावर घाट उतरलेला तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मोटर एकसुरी, निर्दोष चालत होती.

"मग या पुढच्या रविवारी," ते म्हणाले, आणि बटण बंद केलं.