पिकअपमधला श्वास

तापलेल्या रबराचा वास आला की दादाची जुनी पिकअप आठवते. तो गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मांजरसुंब्याचा चढ आला की हीटरची हवा पायांजवळून आपोआप काचेकडे वळायची आणि डॅशबोर्डमागून कुणी श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा. वहिनी म्हणायची, “त्येच हायत.”

मिस्त्रीनं डॅशबोर्ड खोलला. नजर लागू नये म्हणून वहिनीनं आत बांधलेल्या लिंबू-मिरचीची तार हवेची झडप फिरवणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीत रुतली होती. “नळी गळायली. चढाला इंजनाची ओढ कमी पडती, मग हवा वर पळती,” म्हणत त्यानं नळी बदलली.

परतताना चढावर गाडी गप्प होती. “भाऊजी, त्यांला कशापायी गप केलं?” वहिनीनं विचारलं. मी हसलो होतो.

आता माझ्या नव्या गाडीची काच त्याच चढावर आतून वाफ धरते. मी ती पुसत नाही.