भागाअक्काचं आवतन

पारोळ्याकडच्या आमच्या गावात कुणाकडेही कार्य असो, जेवणाचं आवतन घरोघर जाऊन भागाअक्काच देते. वय छप्पन्न, आवाज दोन गल्ल्यांपलीकडे पोचणारा. अक्का दारात येऊन गेली की न जाण्याची सोय नाही, आणि ती आली नसेल तर जाण्याची नाही. या नियमापायी सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

मी इथल्या उपकेंद्राची नर्स. चाळिशीपुढच्या बायांच्या स्तनतपासणीला मागच्या वर्षी दोघी आल्या होत्या, त्यातली एक पाणी प्यायला. म्हणून यंदा बोलावणं अक्कावर सोपवलं. मोठी हुशारी केली असं मला वाटलं. दिवाळीपासून अक्काच्याच डाव्या स्तनात गाठ होती, हे मला कुठे ठाऊक होतं!

अक्काने सवयीप्रमाणे दारोदार हाक दिली, "उद्या दवाखानामा चूलबंद आवतन शे, बठ्ठासनी येवानं!" चूलबंद म्हणजे घरी चूल पेटवायची नाही, सगळं घर जेवायला.

सकाळी दहाला दीडशे माणसं हजर. म्हातारे धुतलेल्या टोप्या घालून आले. भटूआबांनी तर वरण-बट्टीला किती वेळ आहे, असं तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. मी कपाळावर हात मारला. पुरुषांना घरी पाठवता पाठवता घसा बसला. बाया मात्र आल्यासारख्या थांबल्या, आणि एकेक करत एकेचाळीस जणी तपासून गेल्या.

अक्का फाटकाशीच उभी.

"अक्का, तुम्ही नाही का येत?"

"माले कोनी आवतन दिधं?"

ती थट्टा करत नव्हती. मला आधी राग आला, मग लाज वाटली. गावभर तिला फिरवलं, पण तिला ये म्हणायचं मला सुचलं नव्हतं. मी फाटकापर्यंत गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भागाअक्का, तुम्हाला आवतन आहे."

"चूलबंद?"

"एकटीला."

पदर सावरत ती आत गेली.

गाठ सुपारीएवढी निघाली. पुढे धुळ्याला ऑपरेशन झालं, वेळेत सापडली म्हणून निभावलं. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा आवाज चढलाच, "दिवाळीपासून हाताला लागतेय, मग इतके महिने बोलला का नाहीत?"

अक्का पोलक्याची बटणं लावत होती.

"कोनी इचारंच नही," ती म्हणाली.